मिड-इंजिन कूपेचे आकर्षण आणि पोर्शे केमनमध्ये सहाच्या जागी आलेले चार सिलिंडर

इंजिन चालकाच्या पाठीमागे पण मागच्या चाकांच्या पुढे, अशा मिड-इंजिन रचनेच्या गाड्या १९३०च्या दशकातच ग्रां प्रीमध्ये जिंकत होत्या. सोळा सिलिंडरच्या त्या ऑटो युनियन गाड्या आवरणे मात्र मोजक्याच चालकांना जमले. मागचा स्विंग अॅक्सल (चाक वरखाली होताना त्याचा कोनही बदलणारी जुनी रचना) आणि अरुंद टायर ही त्याची कारणे. निकाल लागला तो १९५८च्या अर्जेंटिना ग्रां प्रीत. जेमतेम दोन लिटरच्या छोट्या कूपरने पुढे इंजिन असलेल्या, जास्त ताकदीच्या गाड्यांना मागे टाकले. १९५९ आणि १९६० ही दोन्ही विजेतेपदे कूपरलाच मिळाली आणि १९६१ पर्यंत जवळजवळ सगळ्या संघांनी इंजिन मागे नेले.

रस्त्यावर ही रचना आली १९६२च्या बोने जेटमधून, पण तिचा दबदबा निर्माण केला १९६६च्या लॅम्बोर्गिनी मिउराने. देखण्या शरीराखालची तिची अडचण फारशी सांगितली जात नाही. आडव्या बसवलेल्या व्ही-१२ इंजिनाला आणि गिअरबॉक्सला एकच ऑइल होते, म्हणजे गिअरचा झिजलेला चुरा इंजिनाच्या बेअरिंगमधून फिरे. हे दोन्ही वेगळे झाले ते एसव्ही या प्रकारच्या अगदी शेवटच्या गाड्यांत. पेट्रोलची टाकी पुढे असल्याने ती रिकामी होत गेली की नाक हलके होई आणि मोठ्या वेगात स्टीअरिंगचा विश्वास वाटेनासा होई.

सामान्य खिशाला परवडणारा मार्ग १९७२च्या फियाट एक्स१/९ने दाखवला. फ्रंट-व्हील-ड्राइव्ह गाडीचा आडवा इंजिन-गिअरबॉक्स संच जसाच्या तसा उचलून सीटमागे ठेवायचा. पाँटियाक फिएरो आणि १९८४ची टोयोटा एमआर२ याच वाटेने आल्या. फिएरोला इतर गाड्यांचे सस्पेन्शन जोडून काम भागवले होते. १९८८ मध्ये तिला नवे, खास तिच्यासाठीचे सस्पेन्शन मिळाले आणि त्याच वर्षी उत्पादन बंद झाले. या प्रकारातला याहून वाईट निर्णय आठवत नाही.

'मिड-इंजिन गाडी अचानक गरकन फिरते' ही ख्याती प्रामुख्याने १९८९च्या दुसऱ्या पिढीतल्या एमआर२ची देणगी आहे. त्यामागचे कारण नीट समजून घ्यायला हवे. सगळा जड भाग मधोमध असल्याने गाडी वळायला लागायला वेळ घेत नाही, आणि घसरायला लागायलाही घेत नाही. वळणाच्या मध्यावर अॅक्सिलरेटर एकदम सोडला की वजन पुढच्या चाकांवर जाते, मागचे टायर हलके होतात आणि सस्पेन्शन उचलले जाताना मागच्या चाकांचा टो, म्हणजे वरून पाहता ती आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत तो कोन, बदलतो. मग शेपूट सुटते ती इतक्या झपाट्याने, की स्टीअरिंग उलटे फिरवेपर्यंत वेळ गेलेली असते. १९९२च्या सुमारास मागच्या टो लिंक लांब केल्या, १४ इंचीऐवजी १५ इंची चाके आली आणि मागचे टायर २२५ मिमी रुंद झाले. त्यानंतरची गाडी बरीच सुधारली, पण नाव खराब झाले ते झालेच. चालवण्याची रीत मात्र तेव्हाही हीच होती आणि आजही तीच आहे: मुख्य ब्रेकिंग सरळ रेषेत, वळताना ब्रेक हळूहळू सोडायचा, आणि पाय वर आला की लगेच हलकासा अॅक्सिलरेटर धरून ठेवायचा. गाडी वळणाच्या बाहेरच्या बाजूला सरकतेय असे वाटले तर पाय झटक्यात काढायचा नाही, थोडासा ढिला करायचा.

१९९०च्या होंडा एनएसएक्सने अॅल्युमिनियमचा मोनोकॉक (वेगळ्या चॅसिसशिवायची एकसंध बॉडी) आणि टायटॅनियमचे कनेक्टिंग रॉड वापरून रोज वापरता येणारी मिड-इंजिन गाडी शक्य आहे हे सिद्ध केले. १९९६च्या लोटस एलिसने ७२५ किलोच्या आसपास वजन ठेवून वेगळीच दिशा धरली. त्याच वर्षी उघड्या छताची पोर्शे बॉक्स्टर आली, आणि आजच्या शौकिनांना 'मिड-इंजिन कूपे' म्हटल्यावर जी गाडी आठवते ती तिच्यातूनच निघाली: २००५ची केमन एस.

छत पक्के झाल्याने बॉडीचा पीळ सहन करण्याचा ताठपणा बॉक्स्टरच्या दुपटीच्या आसपास गेला. ताठ बॉडीचा फायदा लगेच कळतो: सस्पेन्शन मऊ ठेवूनही चाकांचे कोन जागेवर राहतात, म्हणून खडबडीत रस्त्यावरही पुढच्या टायरची पकड हातात जाणवते. १,३४० किलो वजन, ३.४ लिटरचे सहा सिलिंडर, २९५ पीएस (अश्वशक्ती), पुढे २३५ आणि मागे २६५ रुंदीचे टायर. कागदावर हे आकडे डोळे दिपवणारे नव्हते. पोर्शेच्याच थोरल्या ९११च्या वर जाऊ नये म्हणून ताकद राखून ठेवली, हे उघड होते. त्याहून बोचणारी गोष्ट म्हणजे लिमिटेड-स्लिप डिफरेन्शियल (एकच चाक नुसते फिरू न देणारी यंत्रणा) पर्यायातही नव्हते. त्यामुळे तीव्र वळणातून बाहेर पडताना आतले मागचे चाक नुसतेच फिरे आणि जोर वाया जाई. २००९च्या गाड्यांपासून तो पर्याय मिळू लागला.

त्या पहिल्या इंजिनांचे दोन आजार जुनी गाडी बघणाऱ्याने ओळखायलाच हवेत. एक, इंटरमीजिएट शाफ्टचे बेअरिंग. ते सीलबंद असते. सील कडक झाला की इंजिन ऑइल आत शिरून ग्रीस धुऊन नेते आणि बेअरिंग कोरडे पडते. ऑइल बदलताना फिल्टर कापून त्याच्या घड्या उघडून पाहाव्यात. चमकणारे लोखंडी कण चुंबकाला चिकटले तर गाडी चालवणे थांबवायचे. आधीच्या बॉक्स्टरमधले छोटे बेअरिंग क्लच बदलताना काढता येते, पण केमनमधले मोठे बेअरिंग इंजिन न उघडता निघत नाही. दुसरा आजार सिलिंडरच्या भिंती खरवडण्याचा. एकाच बाजूच्या सायलेन्सरवर काजळी, थंड इंजिनात टकटक आणि ऑइलचा वाढता खप ही त्याची लक्षणे. खात्री करायची तर ऑइल पॅन काढून खालून बोअरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) घालतात, कारण ओरखडे सिलिंडरच्या खालच्या भागात असतात आणि स्पार्क प्लगच्या छिद्रातून अनेकदा दिसत नाहीत. २००९च्या नव्या इंजिनात तो शाफ्टच राहिला नाही.

खरा वाद पेटला तो २०१६ मध्ये. सहा सिलिंडर जाऊन चार सिलिंडरचे टर्बो (दाबाने जास्त हवा कोंबणारे) इंजिन आले आणि गाडीच्या नावाला ७१८ जोडले गेले. बाजू मांडणाऱ्यांचे आकडे बिनचूक होते. साध्या केमनची ताकद २७५ वरून ३०० पीएस, एसची ३२५ वरून ३५० पीएस. एसचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) ३७० वरून ४२० न्यूटन-मीटर, आणि तो ४,५००ऐवजी १,९०० आरपीएमपासूनच. स्टीअरिंग दहा टक्के जलद झाले, मागची चाके अर्धा इंच रुंद. वळणांच्या रस्त्यावर ही गाडी आधीच्या गाडीपेक्षा जोरात जाते, यात शंका नाही. उत्सर्जनाचे नियम कडक होत होते, हेही खरेच.

पण या प्रकारच्या गाडीचे आकर्षण नेमके कशात आहे हे त्या निर्णयात विसरले गेले. इथे इंजिन कानापासून हातभर अंतरावर असते. आधीच्या एसचे इंजिन पूर्ण ताकद ७,४०० आरपीएमला देई. वळणातून निघताना पाय जितका दाबाल तितकाच जोर मागच्या टायरवर येई, आणि आवाजाच्या चढावरून आरपीएमचा अंदाज लागे, काट्याकडे बघावे लागत नसे. टर्बोत पाय आणि जोर यांच्यामध्ये दाब तयार व्हायचा क्षण येतो. मघाशी सांगितलेला 'हलकासा अॅक्सिलरेटर' नेमका त्या क्षणात अडकतो: थोडा दाबला तर काही होत नाही, आणि मग मागितल्यापेक्षा जास्त येते. समतोल राखण्याचे जे काम उजव्या पायाने करायचे, तेच पुसट झाले. आवाजाची तक्रार वरवरची म्हणून बाजूला सारणाऱ्यांना हा मुद्दा दिसला नाही.

पोर्शेलाही शेवटी माघार घ्यावी लागली. केमनच्या जास्त ताकदीच्या प्रकारात, २०१५च्या जीटी४ मध्ये, ३.८ लिटरचे सहा सिलिंडर होते. २०१९च्या जीटी४ ला टर्बो नसलेले नवे ४ लिटरचे इंजिन मिळाले, ४२० पीएस आणि ८,००० आरपीएमपर्यंत जाणारे. २०२० मध्ये तेच इंजिन ४०० पीएसवर जीटीएसमध्ये आले. तरी एक खोट राहिलीच. गिअर फार लांब आहेत; दुसऱ्याच गिअरमध्ये गाडी ताशी १३० किमीच्या आसपास पोहोचते, म्हणून सार्वजनिक रस्त्यावर ते वरचे आरपीएम क्वचितच वाट्याला येतात. मागचे मॅकफर्सन स्ट्रट हे साधे सस्पेन्शनही तसेच राहिले. ट्रॅकवर नेमाने जाणारे त्यामुळेच कॅम्बर (चाकाचा आत झुकलेला कोन) वाढवतात, नाहीतर टायरच्या बाहेरच्या कडा आधी झिजतात.

इतर कंपन्यांनीही त्या दशकात उत्तरे शोधली. २०१७च्या अल्पीन ए११०ने ताकदीऐवजी वजन कमी केले, सुमारे १,१०० किलो, आणि तिचे टर्बो इंजिन त्यामुळे कमी खटकते. २०१९ मध्ये कॉर्व्हेटनेही इंजिन मागे नेले, पण मॅन्युअल गिअरबॉक्स दिलाच नाही.

७१८च्या बहुतेक प्रकारांची विक्री युरोपीय संघात २०२४ मध्ये थांबली, तीही उत्सर्जनाच्या नव्हे तर सायबर सुरक्षेच्या नियमांमुळे. पुढची गाडी विजेवर चालणारी करायचे ठरले तेव्हा बॅटरीचा मुख्य भाग जमिनीत न पसरता सीटमागे रचायची कल्पना पुढे आली, म्हणजे वजन पुन्हा तिथेच आणि चालकाची बैठक खालीच. वळणात शिरताना त्याचा उपयोग होईल. वळणातून बाहेर पडताना इंजिनाच्या आवाजावरून लागणारा अंदाज मात्र त्या रचनेतून मिळत नाही.