वेळास येथील कासव पर्यटन

रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील वेळास या गावी ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवांच्या संरक्षणातून उभे राहिलेले पर्यटन. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये येथे काम सुरू केले. त्याआधी घरट्यांतली अंडी माणसे, कुत्री आणि कोल्हे उकरून नेत. पुढे गावकरीच राखण करू लागले आणि २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला.

साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात मादी रात्री वाळूत सुमारे दीड फूट खोल, सुरईच्या आकाराचा खड्डा करून शंभर-दीडशे अंडी घालते. कासवमित्र, म्हणजे राखण करणारे गावकरी, पहाटे तिचा माग काढतात आणि अंडी न उलटवता, होता होईल तितक्या लवकर हॅचरीत, म्हणजे अंडी उबवण्यासाठी कुंपण घातलेल्या जागेत, हलवतात. काही तासांत गर्भ कवचाला आतून चिकटतो. त्यानंतर अंडे फिरले तर तो दगावतो. हॅचरीतला खड्डाही मूळ मापाचाच लागतो. उथळ खड्डा जास्त तापतो, आणि पिल्लू नर होणार की मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरते. ऊन फार वाढले तर गर्भच मरतात.

पिल्ले ४५ ते ६० दिवसांत बाहेर येतात. दिवस भरत आले की घरट्यावर टोपली पालथी घालतात, ती सकाळ-संध्याकाळ उचलून पाहतात आणि निघालेली पिल्ले त्याच वेळी सोडतात. या पर्यटनाची नीती इथेच कसाला लागते. पिल्लू पहिले काही दिवस पोटात उरलेल्या बलकावर पोहत असते. उशिरा येणाऱ्या पाहुण्यांसाठी त्याला टोपलीत थांबवले, तर ती शिदोरी वाळूत धडपडण्यातच संपते. छायाचित्रांसाठी एकेक पिल्लू सोडणे हाही तोच अपराध. त्यामुळे पिल्ले नक्की दिसतील अशी हमी देणाऱ्या आयोजकाबरोबर जाऊ नये. काही फेऱ्यांत एकही पिल्लू निघत नाही.

पिल्ले पाण्यापासून काही अंतरावर ठेवतात आणि ती स्वतः चालत जातात. प्रेक्षकांनी दोरीमागेच थांबावे, कारण ओल्या वाळूतले पाऊल पिल्लासाठी खड्डा ठरते आणि त्यात उलटे पडलेले पिल्लू कावळ्यांना आयते सापडते. फ्लॅश किंवा बॅटरी लावू नये. पिल्लू उजेडाच्या रोखाने चालते, म्हणून अंधारात दिवा दिसला की ते समुद्राकडे पाठ फिरवते. हात लावण्याचा तर प्रश्नच नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेला, हा प्राणी आहे.

मुक्काम गावातल्या घरांत असतो. जेवण साधे कोकणी, झोपायला बहुधा सामाईक खोलीत गाद्या. पैसे थेट त्या घरात जातात, त्यामुळे अंडी राखण्यात गावाचा स्वार्थही जुळतो. जागतिक पर्यटन संघटनेच्या १९९९ च्या आचारसंहितेत स्थानिकांच्या लाभाचे स्वतंत्र कलम आहे. त्याचा अर्थ इथे ताटात वाढलेला दिसतो. बाहेरून जेवणाची पाकिटे आणणारी सहल मात्र किनाऱ्यावर फक्त कचरा सोडून जाते.