वनस्पती पेशीतही मायटोकॉन्ड्रिया असतात बरं का

बेळगावात बीएस्सीच्या पोरांची सेल बायॉलॉजीची रिव्हिजन घ्यालोय, आणि दरवर्षी तेच ऐकतो, प्राण्यांच्या पेशीत मायटोकॉन्ड्रिया (पेशीला ऊर्जा पुरवणारे भाग), वनस्पतीत त्याऐवजी क्लोरोप्लास्ट (हिरवे भाग, हरितलवक). हे साफ चूक आहे. वनस्पतीच्या हिरव्या पेशीत दोन्ही असतात, कामं मात्र वेगळी. क्लोरोप्लास्ट उजेडात साखर बनवतो, तिथला एटीपी (पेशी ऊर्जेसाठी वापरते तो रेणू) मुख्यतः त्यातच खर्च होतो, आणि ती साखर ऑक्सिजन वापरून जाळून बाकी पेशीला एटीपी पुरवायचं काम मायटोकॉन्ड्रियाचं, एका ग्लुकोजमागे साधारण 30 ते 32.

आता आपल्या खानापूरकडची रताळी घ्या, जमिनीखाली, उजेड नाही, हिरवेपणा नाही, मग ती जगतात कशावर? पानातून आलेल्या साखरेवर, आणि ती जाळतात मायटोकॉन्ड्रिया. घरात बघायचं तर भिजवलेली मटकी फडक्यात घट्ट बांधून ठेवा, सकाळी मोड आल्यावर गाठोड्यात हात घाला, आत ऊब लागते, ती श्वसनाचीच, म्हणजे साखर जाळण्याची.

झाडं फक्त रात्रीच श्वसन करतात हेही खोटं, दिवसरात्र चालूच असतं, दिवसा प्रकाशसंश्लेषणाचा जोर जास्त म्हणून एकूण हिशेबात ऑक्सिजन बाहेर पडताना दिसतो, एवढंच. पेपरात आकृती काढताना वनस्पती पेशीत मायटोकॉन्ड्रिया नक्की दाखवा रे, हक्काचे मार्क जातात.