एका घरचा सूर

तिघं भावंडं भजनात वेगवेगळ्या सुरांचा मेळ धरतात तेव्हा कधीकधी सूर थरथरल्यासारखा वाटतो. कोणीच बेसूर नसतं, तरीही. ही थरथर मोजता येते.

एकाने २०० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला २०० कंपनांचा, सा धरला की त्याच्या गळ्यातून ४००, ६००, ८००, १००० असे उपस्वरही निघतात. दुसऱ्याने २५० चा गंधार (ग) लावला, तर त्याची चौपटही बरोबर १०००. दोन्ही आवाज एकमेकांत बसतात. पेटीचा गंधार मात्र २५२ च्या आसपास असतो, कारण पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. त्याची चौपट १००८. मग १००० आणि १००८ यांच्यातल्या फरकाइतके, सेकंदाला आठ ठोके ऐकू येतात, विज्ञानातले ‘विस्पंद’ ते हेच. पंचमाला (प) हाच ठोका दीड सेकंदातून एकदा पडतो, म्हणून तिथे कोणाला खटकत नाही. घोळ होतो तो गंधारावर.

उपाय कोल्हापूरकरांना लांब नाही. शेजारच्या मिरजेत बनलेला तंबोरा घ्या, पेटी मिटून ठेवा. खर्जाची तार नीट लागली की तिच्यातूनच गंधार ऐकू येतो, स्वयंभू. आधी सा, त्यावर पंचम, तो स्थिर झाला की शेवटी गंधार, तोही बाकी दोघांपेक्षा हलका. घाई केली की गंधारवाला पेटीच्या सवयीने वर चढतो.

पण सूर जुळले म्हणजे आवाज मिसळले असं नाही. घशापासून ओठांपर्यंतची पोकळी ही एक नळीच. ती १७ सेंटिमीटर असेल तर साधारण ५००, १५०० आणि २५०० हर्ट्झला घुमते; जबडा, टाळू, जीभ यांनी हे आकडे हलतात. भावंडांचा जबडा-टाळू मिळताजुळता, आणि बोलीही एकाच स्वयंपाकघरात शिकलेली, त्यामुळे त्यांचा ‘आ’ सारखाच उघडतो. आमच्या मते रक्तापेक्षा बोलीचा वाटा मोठा असावा. गायक अल्लादियाखाँसाहेबांच्या गायकीतला खुला आकार, म्हणजे मोकळ्या ‘आ’ने गाणं, कोल्हापूरला नवा नाही. तोच धरून सराव केला तर परक्यांचेही आवाज बरेच जवळ येतात.

घरच्या आवाजाचं एक उदाहरण: अमेरिकेतल्या ओहायोचे मिल्स बंधू, मेळाने गाणारे चौघे भाऊ. गिटार सोडली तर तुतारीसारख्या वाद्यांचे आवाजही तोंडानेच काढत. १९३६ साली थोरला भाऊ वारला. गिटार आणि खर्ज, म्हणजे सगळ्यात खालचा सूर, दोन्ही त्याच्याकडे होतं. गिटारीला बाहेरचा वादक चालला. खर्जाला मात्र वडील उभे राहिले, आणि पुढची वीसेक वर्षं गायले.

मंडपात एकच माईक असेल तर त्याच्यापासून हातभर अंतरावर कमानीत उभं राहावं. ज्याचा आवाज मोठा त्याने मागे सरकावं: अंतर दुप्पट केलं की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. मॉनिटर, म्हणजे गाणाऱ्यांकडे तोंड केलेला स्पीकर, मोठा केला तर प्रत्येकजण स्वतःला ऐकायला ओरडतो आणि मेळ तिथेच विस्कटतो.

घरच्या संचाची खरी परीक्षा मुलगा तेरा-चौदाचा झाला की येते. घोगरा होत होत आवाज जवळपास एका सप्तकाने खाली जातो. जुना वरचा सूर त्याच्याकडून ओढून घेऊ नये, घसा बसतो. त्या काळात त्याला टाळ द्यावेत, जमेल तेवढं मधल्या पट्टीत गाऊ द्यावं, आणि आवाज ठरला की खर्ज सोपवावा.