योगीला कॉलर का, आणि टॉमला का नाही

मांजर-उंदराचं ‘टॉम अँड जेरी’ आणि टोपी-टायवाल्या अस्वलाचं ‘योगी बेअर’ ही कार्टूनं एकाच जोडगोळीची; योगी तेवढा स्वस्तातला. हे ऐकून कान किटले. त्याच्या जोडीला दुसरं ठरलेलं वाक्य असतं: टॉमसारख्या ‘फुल’ अ‍ॅनिमेशनमध्ये सेकंदाला २४ चित्रं, योगीसारख्या ‘लिमिटेड’मध्ये कमी. पहिलं अर्धवट आहे, दुसरं चक्क दिशाभूल करणारं. आणि यांपैकी कुठल्या कार्टूनवर पोराचा जीव जडलाय, हे त्याची चित्रकलेची वही चाळली की कळतं.

टॉम-जेरी पाठच असणार, म्हणून थोडक्यात. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी १९४० ते १९५८ या काळात एमजीएम या हॉलिवूडच्या स्टुडिओसाठी त्यांचे ११४ लघुपट केले, ७ ऑस्कर मिळवली. संवाद जवळजवळ नाहीत. १९५७ मध्ये एमजीएमनं कार्टून विभागाला टाळं लावलं, दोघं टीव्हीकडे वळले आणि १९५८ मध्ये योगी आला. टीव्हीला दर आठवड्याला नवा माल हवा आणि पैसे मात्र चिमूटभर. योगी पळताना मागून तेच झाड पुन्हा पुन्हा जातं, हा फरक सगळ्यांना दिसतो. तो सोडून देऊ.

गोंधळ होतो तो चित्रांच्या संख्येवरून. फिल्मच्या सेकंदाला २४ फ्रेम असतात हे खरं, पण टॉम-जेरीतही एक चित्र बहुतेक वेळा दोन फ्रेम टिकतं. म्हणजे चित्रं १२. अगदी झटक्याची हालचाल असेल तरच २४. त्यामुळे नुसत्या मोजणीनं काही ठरत नाही. विचारायचं ते हे, की एका चित्रातून पुढच्या चित्रात जाताना आकृतीचा किती भाग नव्यानं काढलाय? टॉम मागे वळून बघतो तेव्हा नुसती मान वळत नाही. खांदा ओढला जातो, पोट मागाहून येतं, शेपटी सगळ्यांत शेवटी. अख्खं मांजर पुन्हा काढलेलं असतं. योगी बोलतो तेव्हा त्याचं धड एका सेलवर, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या पानावर, तसंच पडून असतं. डोकं वेगळ्या सेलवर, तोंडाचे आकार आणखी वेगळ्या. बदलतात ते फक्त हे वरचे तुकडे. डोकं आणि धड जिथे जुळतात तो सांधा झाकायला कॉलर! टाय हा तिचा शृंगार.

पडताळा सोपा आहे. यूट्यूबवर प्रसंग थांबवा, खांद्याच्या टोकाशी स्क्रीनवर कागदाचा कपटा धरा आणि कीबोर्डवरच्या पूर्णविरामानं एकेक फ्रेम पुढे न्या. बोलणाऱ्या योगीचा खांदा कपट्यापाशीच राहील, टॉमचा सरकेल. (टॉमही कधी कधी स्तब्ध उभा राहतो, तो प्रसंग नको.) आणि कृपा करून ६० फ्रेमचे ‘स्मूथ’ केलेले व्हिडिओ घेऊ नका. सॉफ्टवेअर मधली चित्रं स्वतःच्या मनानं भरतं, थबकण्याची जागा पुसून टाकतं आणि टॉमचं रबर होतं. गुळगुळीत म्हणजे सुंदर, ही समजूत मुलांच्या डोक्यात इथूनच शिरते.

टॉमवर वाढलेल्या पोराला वजन कळतं. त्याच्या रेषा तिरक्या, ताणलेल्या, धावत्या असतात. फसतो तो एका ठिकाणी: वेगाच्या प्रसंगातली थांबवलेली फ्रेम बघून चित्र काढतो. त्या फ्रेममध्ये टॉमला चार हात असतात किंवा तोंड हातभर लांब, कारण ती क्षणभरच दिसावी म्हणून काढलेली असते. कागदावर ती नुसती मोडकी दिसते. योगीवर वाढलेल्या पोराला आकार कळतो: टोपी, टाय, पोट, आणि बाकी सगळं गाळण्याची हिंमत. मला हे शिक्षण जास्त मोलाचं वाटतं. लिमिटेड म्हणजे निव्वळ कंजुषी म्हणणाऱ्यांनी यूपीए या अमेरिकी कार्टून स्टुडिओचा १९५० सालचा, ऑस्कर मिळालेला ‘जेराल्ड मॅकबॉइंग-बॉइंग’ बघावा. तिथे कमी रेषा हाच कलेचा निर्णय होता.

घरी करून बघायचं तर टॉमवाल्यानं वहीच्या कोपऱ्यात १२ पानांवर उसळणारा चेंडू काढावा. वर पोचताना चित्रं एकमेकांच्या जवळ, जमिनीकडे येताना लांब लांब. चपटा फक्त टेकतो त्या एकाच पानावर. अंतरं सारखी ठेवली तर चेंडू दोरीनं ओढल्यासारखा उतरतो. योगीवाल्यानं आपलं पात्र पूर्ण काळं रंगवावं आणि घरातल्या कुणाला तरी न सांगता दाखवावं. ओळखू आलं नाही, तर बहुधा हात पोटावर काढलेले असतात. ते अंगाच्या कडेबाहेर काढून पुन्हा रंगवायचं.