पार्श्वभूमी : शस्त्रक्रियेनंतरची नळी आणि ती काढण्याचा निर्णय

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेली बाई आता अनेक रुग्णालयांतून ड्रेनसकटच, म्हणजे आत साचणारं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीसकटच, घरी जाते. काखेखाली टाक्याने बांधलेली नळी आणि तिच्या टोकाला हार्मोनियमच्या भात्यासारखी दाबून बसवलेली डबी. डबीत जमलेलं पाणी रोज ठरल्या वेळी मोजायचं, वहीत लिहायचं, आणि चोवीस तासांत ३० मिलिलिटरच्या आत आलं, तेही सलग दोन दिवस, की नळी काढायला यायचं, असं सांगितलं जातं. आकडा कुठे २० असतो, कुठे ५०. मोजण्याचं काम मुलगी, सून किंवा नवरा करतो. हे काम वॉर्डातून घरात कसं आलं आणि तो आकडा कितपत पक्का आहे, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

साचलेलं नळीने बाहेर काढण्याची कल्पना खूप जुनी आहे. सुश्रुतसंहितेत जलोदराच्या उपचारात व्रीहिमुख (भाताच्या दाण्यासारख्या टोकाच्या) शस्त्राने पोटाला छिद्र पाडून त्यात कथिलासारख्या धातूची, दोन्ही टोकांना उघडी नळी किंवा पिसाची पोकळ दांडी बसवायला सांगितलं आहे. सगळं पाणी एकाच दिवशी काढू नये, ही ताकीदही तिथेच आहे. आज ज्या ड्रेनची आपण चर्चा करतो त्याची सुरुवात मात्र रबरापासून होते. १८५९ साली एका फ्रेंच सर्जनने मऊ रबरी नळ्यांचा वापर मांडला. १८७१ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या काखेतलं गळू फोडलं तेव्हा जंतुनाशक फवारण्याच्या यंत्राच्या रबरी नळीचा तुकडा कापून आत ठेवला गेला. १८९० साली अमेरिकेत एकाने कंडोमचं टोक कापून, आत गॉज भरून ड्रेन तयार केला. त्याचा वंशज असलेली पातळ रबरी पट्टी आजही गळवाच्या जखमेत घातली जाते.

त्या काळात पोटाच्या शस्त्रक्रिया वाढू लागल्या आणि सर्जनांमध्ये दोन तट पडले. शंका असेल तिथे ड्रेन घाला, असं एका बाजूचं म्हणणं. दुसरी बाजू म्हणे, न समजता घातलेल्या ड्रेनपेक्षा न घातलेला बरा. १९०५ मध्ये प्राण्यांवरच्या प्रयोगांतून एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. पोटात ठेवलेल्या ड्रेनभोवती काही तासांतच आतडी आणि चरबीचा पडदा चिकटून बसतात, ड्रेन एकटा पडतो, आणि सगळं पोट त्यातून रिकामं होईल ही अपेक्षा फोल ठरते. तरीही बहुतेक ऑपरेशनांनंतर सवयीने ड्रेन घालणं पुढची कित्येक दशकं चालूच राहिलं. पित्ताशय, थायरॉइड, सिझेरियन अशा नेहमीच्या शस्त्रक्रियांमध्ये तो सरसकट घालून फायदा होत नाही, हे तुलनात्मक चाचण्यांतून ठसायला विसावं शतक संपत आलं.

मोठा बदल झाला तो १९५४ साली फ्रान्समध्ये. तोवरचे बरेचसे ड्रेन उघडे होते. द्राव नळीतून ड्रेसिंगवर यायचा, ड्रेसिंग भिजायचं, आणि द्राव ज्या वाटेने बाहेर येई त्याच वाटेने जंतू आत जाऊ शकत. फ्रेंच सर्जनांनी छिद्रं असलेली नळी हवा काढून घेतलेल्या बंद बाटलीला जोडली. आत ओढ तयार झाली, सुटलेली त्वचा खालच्या स्नायूला चिकटून राहू लागली, आणि द्राव नेमका मोजता येऊ लागला. पुढे प्लास्टिक आलं, १९७० च्या दशकात सिलिकॉनची नळी आणि हातात मावणारा फुगा आला. बाटलीची जागा छोट्या फुग्याने घेतली, माणूस चालू-फिरू लागला. तो घरी जाऊ शकतो, हा विचार त्यानंतरच शक्य झाला.

आता तीसचा प्रश्न. मोजता येऊ लागलं म्हणून आकडा आला, हे इथे लक्षात ठेवायला हवं. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या लसिकागाठीही काढल्या, की त्वचेखाली मोठी पोकळी उरते आणि तिच्यात पाणी साचतं. ते कापलेल्या लसिकावाहिन्यांमधून (शरीरातला पातळ द्राव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांमधून) येतं की जखमेच्या दाहातून पाझरतं, यावरही तज्ज्ञांचं एकमत नाही. नळी लवकर काढली तर पाणी साचून फुगवटा येतो, मग सुई घालून ते पुन्हा पुन्हा काढावं लागतं. उशिरा काढली तर नळीच्या वाटेने जंतुसंसर्गाची भीती दिवसागणिक वाढते. तीस मिलिलिटर ही या दोन धोक्यांमधली तडजोड आहे. तिच्यामागे शरीराचा एखादा ठाम नियम नाही. चाळीसला पोकळी उघडी असते आणि पंचविसाला बंद झालेली असते, असं काही होत नाही. म्हणूनच ठरावीक दिवशी, आकडा न पाहता नळी काढण्याची पद्धतही काही ठिकाणी आहे. पोकळीच टाके घालून शिवून टाकायची आणि ड्रेनची गरज कमी करायची, हा तिसरा मार्ग आहे.

या वादात आपल्याकडची एक चाचणी उल्लेखनीय आहे. २००५ साली दिल्लीच्या एका सरकारी रुग्णालयातून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्तन काढलेल्या रुग्णांना पूर्ण ओढ आणि निम्मी ओढ अशा दोन गटांत विभागलं होतं. निम्म्या ओढीच्या गटात नळी लवकर निघाली, रुग्णालयातला मुक्काम कमी झाला, आणि पाणी साचण्याचं प्रमाण वाढलं नाही. म्हणजे डबी किती दाबून लावली यावरसुद्धा डबीत किती येणार हे काही अंशी ठरतं. मग एका ठिकाणचे तीस आणि दुसऱ्या ठिकाणचे तीस सारखे कसे मानायचे? डबी मध्येच सैल झाली, नळीत गुठळी अडकली, तरी आकडा खाली येतो आणि वहीत सगळं छान दिसतं. म्हणून आकड्याइतकंच लक्ष रंगावर, वासावर आणि नळीभोवतीच्या त्वचेवर हवं. लालसर पाणी दिवसागणिक पिवळट होत जाणं अपेक्षित असतं. पुन्हा लालभडक झालं, गढूळ झालं, ताप आला किंवा एकाएकी काहीच येईनासं झालं, तर तीसची वाट पाहत बसू नये. ही एवढी माहिती प्रत्येक डिस्चार्ज कार्डावर मराठीत छापलेली असली पाहिजे, आणि ती नसणं मला गंभीर उणीव वाटते.

ड्रेन घेऊन घरी जाणं सुरक्षित आहे का, याचं उत्तर बऱ्यापैकी होकारार्थी आहे. नेदरलँड्समध्ये १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नळीसकट लवकर घरी गेलेल्या स्त्रियांमध्ये जखमेच्या तक्रारी वाढल्या नव्हत्या. पण तिथे घरी येऊन पाहणारी परिचारिका असते. परळच्या कर्करोग रुग्णालयात विदर्भ-मराठवाड्यातून किंवा थेट बिहार-बंगालमधून आलेली बाई नळीसकट धर्मशाळेत राहते, कारण नळी काढायला दोन आठवड्यांनी परत येणं परवडत नाही. नळी काढणं हे काही मिनिटांचं काम आहे. तालुक्याच्या ठिकाणी ते होऊ शकतं, मात्र मूळ सर्जनची चिठ्ठी आणि फोनवरचा एक निरोप त्यासाठी हवा.

जखमेच्या देखभालीचा इतिहास याला समांतर चालतो, आणि त्यातही सवय पुराव्याच्या पुढे राहिली. 'जखमेला वारा लागू द्या, खपली धरू द्या' हा समज घराघरांत आहे. १९६२ मध्ये डुकरांवरच्या प्रयोगात दिसलं, की पातळ प्लास्टिकखाली ओलसर ठेवलेली उथळ जखम उघड्या जखमेपेक्षा साधारण दुप्पट वेगाने नव्या त्वचेने झाकली जाते. आजची बरीचशी आधुनिक ड्रेसिंग्ज त्यातून निघाली. टाके घालून बंद केलेल्या जखमेचा हिशोब वेगळा. पहिले २४ ते ४८ तास ड्रेसिंग न हलवणं आणि नंतर साध्या पाण्याने अंघोळीला हरकत नसणं, इतकंच बहुतेकदा पुरतं. रोज उघडून आयोडीन लावण्याने बरं होण्याचा वेग वाढत नाही. १९९० च्या दशकात ओढीचं तंत्र थेट उघड्या जखमेवर आलं. स्पंज, वर चिकट पडदा आणि १२५ मिलिमीटर पाऱ्याइतका ऋण दाब. मोठ्या, न भरणाऱ्या जखमांमध्ये ते आता आपल्या जिल्हा पातळीवरच्या खासगी रुग्णालयांतही दिसतं.

अँटिबायोटिकचा मुद्दा अजून निवळलेला नाही. नळी आहे तोवर गोळ्या चालू ठेवण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनी केवळ ड्रेन आहे म्हणून प्रतिबंधक अँटिबायोटिक लांबवू नका, असं स्पष्ट म्हटलं. त्याच सूचनांमध्ये ड्रेन नेमका कधी काढावा याबद्दल ठाम वेळ दिलेली नाही. रुग्णाची स्थिती पाहून ठरवा, एवढंच आहे.

सरसकट ड्रेनविरोधी होणंही चूक ठरू शकतं, हे स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रियेने दाखवलं. अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेली एक चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण स्वादुपिंडाचं 'डोकं' म्हणवला जाणारा भाग काढल्यावर ड्रेन न घातलेल्या गटात मृत्यू १२ टक्के होते आणि ड्रेन असलेल्या गटात ३ टक्के. दोन वर्षांनी जर्मनीतल्या चाचणीत मात्र ड्रेनशिवायही निकाल वाईट आले नाहीत. या दोन्हींच्या आधी, २०१० मध्ये इटलीतून आलेल्या अभ्यासाने मधली वाट दाखवली होती. पहिल्या दिवशी ड्रेनमधल्या पाण्यातलं अमायलेज (स्वादुपिंडातून येणारं पाचक द्रव्य) तपासायचं, आणि ते कमी असेल तर तिसऱ्या दिवशीच नळी काढायची. तिथे निर्णय मिलिलिटरवर सोडलेला नाही, पाण्यात काय आहे ते पाहिलं जातं. काखेतल्या ड्रेनसाठी अशी कुठलीही तपासणी आज नेहमीच्या वापरात नाही.