पेन्सिल सेल मोठ्या बॅटरीत घालताना

आमच्या घरात ‘विजेरी’ हा शब्द पाठ्यपुस्तकापुरता होता. बोलण्यात ती ‘बॅटरी’, आणि तिच्या पोटात घालायचे ते ‘सेल’. आजोबांची बॅटरी तीन सेलची, पितळी. रात्री थ्री-फेजची लाइट आली की उसाला दारं धरायला ते तीच घेऊन जायचे. ती आता माझ्याकडे आहे आणि अजून उत्तम चालते. अडचण सेलची आहे. पेन्सिल सेल कोपऱ्यावरच्या पानटपरीतही मिळतो. मोठा सेल मागितला की दुकानदार माळ्यावरचं खोकं काढतो, आणि त्यातला सेल किती वर्षांचा आहे हे त्यालाही सांगता येत नाही.

पेन्सिल सेलवरही दीड व्होल्ट लिहिलेलं असतं आणि मोठ्यावरही. मग मधली पोकळी भरून पेन्सिल सेलच घातला तर चालेल का? चालतं. पण काय बदलतं आणि काय बदलत नाही, हे नीट समजून घेतलं तर जुनी बॅटरी वर्षानुवर्षं साथ देते. नाही घेतलं तर बल्ब जातो किंवा पितळ सडतं, आणि लिथियमचा सेल असेल तर हातही भाजू शकतो.

सेलचे व्होल्ट आकारावर ठरत नाहीत, आतल्या रसायनांवर ठरतात. साध्या सेलमध्ये एका बाजूला जस्त असतं आणि दुसऱ्या बाजूला मँगनीज डायऑक्साइड. फ्रेंच संशोधक जॉर्ज लेक्लांशेनं १८६६ साली ही जोडी जमवली आणि जर्मनीच्या कार्ल गासनरनं १८८६ मध्ये तिला न सांडणारं, कोरडं रूप दिलं. ही जोडी करंगळीएवढ्या डबीत भरा की मनगटाएवढ्या, दीड व्होल्टच मिळतात. आकारानं ठरतं ते एवढंच की माल किती मावला, आणि एका वेळी तो किती जोरानं बाहेर काढता येतो.

मोठा सेल, म्हणजे डी किंवा आर २०, सुमारे ३४.२ मिलिमीटर जाड आणि ६१.५ मिलिमीटर लांब असतो. पेन्सिल सेल, म्हणजे डबल ए किंवा आर ६, १४.५ मिलिमीटर जाड आणि ५०.५ मिलिमीटर लांब. घनफळ काढलं तर मोठ्याचं ५६ घन सेंटिमीटर भरतं आणि पेन्सिलचं जेमतेम ८.३. म्हणजे जवळजवळ सात पट फरक. चांगल्या अल्कलाइन सेलची क्षमताही साधारण याच प्रमाणात असते: पेन्सिलची अडीच हजार मिलिअँपिअर-तास, तर मोठ्याची बारा ते पंधरा हजारांच्या पुढे. जुन्या बॅटरीचा बल्ब ०.३ अँपिअर घेतो. पेन्सिल सेलवर तो सात-आठ तास चालेल, मोठ्या अल्कलाइनवर चाळीसच्या घरात. पहिल्या मिनिटाला उजेड सारखाच दिसतो; फरक तिसऱ्या-चौथ्या रात्री कळतो.

मग एका मोठ्या सेलच्या जागी पेन्सिल सेल किती बसतील? तीन गोल एकमेकांना चिकटवून त्रिकोणात ठेवले तर त्यांना वेढणाऱ्या वर्तुळाचा व्यास एका गोलाच्या २.१५ पट येतो. १४.५ला २.१५नं गुणा, ३१.२ मिलिमीटर. तीन सेल आरामात बसतात. चार सेल चौकोनात ठेवले तर हाच आकडा २.४१ पट होतो, म्हणजे ३५ मिलिमीटर. पाऊण मिलिमीटरसाठी चौथ्याला जागा नाही. बाजारात मिळणाऱ्या डी मापाच्या खोळी एक, दोन किंवा तीन पेन्सिल सेलच्याच का असतात, याचं उत्तर या साध्या भूमितीत आहे.

तीन सेलच्या खोळीत सेल समांतर जोडलेले असतात. व्होल्ट दीडच राहतात, क्षमता तिप्पट होते. मात्र तिन्ही सेल एकाच पाकिटातले हवेत. एक भरलेला आणि एक अर्धा रिकामा शेजारी बसवला, तर भरलेल्यातून रिकाम्यात प्रवाह शिरतो. एखादा चुकून उलटा बसला तर परिस्थिती आणखी वाईट: उरलेले दोघं त्याच्यातून थेट शॉर्ट होतात. बॅटरी बंद असली तरी सेल तापत राहतात.

मी स्वतः खोळ विकत आणत नाही, घरीच करतो. पेन्सिल सेलला चौतीस मिलिमीटर जाड करायचं तर भोवती सर्व बाजूंनी पावणेदहा मिलिमीटरची भर हवी. भिंतीवरच्या दिनदर्शिकेचा कागद ०.२ मिलिमीटर जाड धरला, तर एका सेलला गुंडाळायला पावणेचार मीटर लांबीची पट्टी लागते! त्यापेक्षा तीन मिलिमीटरचा खोक्याचा पुठ्ठा पंचवीस सेंटिमीटरमध्ये काम भागवतो. पुठ्ठ्याच्या नळ्या आडव्या ठेवून नाही, सेलच्या लांबीच्या दिशेनं उभ्या ठेवून गुंडाळायचा. मग तो न मोडता गोल वळतो.

जाडी झाली, पण लांबीही कमी पडते. दर सेलमागे ११ मिलिमीटर, तीन सेलना ३३. बहुतेक जण प्रत्येक सेलच्या बुडाशी नाणी ठेवतात, नाहीतर चॉकलेटच्या चांदीचा बोळा दाबून बसवतात. बोळा दोन दिवसांत दबतो आणि उजेड लुकलुकायला लागतो. नाण्यांचा धोका वेगळा आहे. पितळी बॅटरीत वीज परत येण्याची वाट म्हणजे बॅटरीचं अंगच: मागच्या झाकणातली स्प्रिंग सर्वात मागच्या सेलच्या बुडाला टेकते, तिथून प्रवाह झाकणातून पितळी नळीत आणि नळीतून पुढे बटणाकडे जातो. त्यामुळे दोन सेलच्या मधलं नाणं सरकून नळीला टेकलं, की मागचा सेल थेट शॉर्ट होतो. बटण बंद असतानाही.

यावर मला सापडलेला उपाय इतका सोपा आहे की तो आधी का सुचला नाही याचं आश्चर्य वाटतं. तिन्ही पेन्सिल सेल एकाच लांब पुठ्ठ्याच्या नळीत एकामागे एक ठेवायचे, मध्ये काहीच घालायचं नाही. लांबीची सगळी ३३ मिलिमीटरची तूट एकदम मागच्या टोकाला, झाकणाजवळ आणायची. तिथे एक पितळी बोल्ट ठेवायचा, डोकं सेलच्या बुडाकडे आणि शेपूट स्प्रिंगमध्ये. या जागी धातू नळीला टेकला तरी काही बिघडत नाही, कारण मागच्या सेलचं बूड नळीला जोडायचंच असतं. बोल्टवर नट चढवला की तो फिरवून लांबी हवी तेवढी जुळवता येते. आजोबांच्या बॅटरीत गेली दोन वर्षं हाच बोल्ट आहे.

इथे थोडं मागे जाऊ. डी आकाराचा सेल अमेरिकेत १८९८ मध्ये आला, तोच मुळी हातात धरायच्या दिव्यासाठी. १० जानेवारी १८९९ रोजी डेव्हिड मिझेलला अशा दिव्याचं पेटंट मिळालं: कागदी नळी, आत एकामागे एक तीन डी सेल, पुढे बल्ब आणि पितळी परावर्तक. त्या काळचे सेल सलग प्रवाह देऊ शकत नसत. बटण क्षणभर दाबायचं, बघायचं, सोडायचं. इंग्रजीतलं ‘फ्लॅशलाइट’ हे नाव त्या क्षणभराच्या झगमगीतून आलं.

सेलच्या आत जो अडथळा असतो त्याची ही करामत. प्रवाह वाहू लागला की काही व्होल्ट सेलच्या पोटातच खर्च होतात. तीन सेलच्या बॅटरीच्या बल्बवर ४.५ नाही, ३.८ व्होल्ट लिहिलेलं असतं, दोन सेलच्या बल्बवर २.५. बल्ब बनवणाऱ्यानं ही घट आधीच धरलेली असते. म्हणूनच चार्ज होणारे निकेल मेटल हायड्राइडचे सेल १.२ व्होल्टचे असूनही इथे शोभतात. त्यांचा आतला अडथळा खूप कमी, त्यामुळे ते जवळजवळ शेवटपर्यंत १.२ धरून ठेवतात. तीन सेलचे ३.६ होतात; उजेड पाचव्या हिश्शानं कमी पडतो, पण साध्या सेलसारखा रोज थोडा थोडा पिवळा होत जात नाही. एलईडी बल्ब बसवला असेल तर लक्षात ठेवायचं की पांढऱ्या एलईडीला साधारण तीन व्होल्ट लागतात. दोन चार्जेबल सेलचे २.४ व्होल्ट तिला पुरत नाहीत, आत व्होल्टेज वाढवणारं सर्किट असेल तरच ती नीट पेटते.

चार्जेबल सेल मोठ्या आकारातही मिळतात, पण घेताना हातात तोलून बघा. खऱ्या मोठ्या चार्जेबल सेलचं वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास असतं आणि क्षमता आठ-दहा हजार. अंगावर २५०० लिहिलेलं असेल आणि तो हलका लागत असेल, तर त्या भांड्यात पेन्सिल सेलच बसवलेला आहे. जे तुम्ही पुठ्ठ्यानं करू शकता तेच कारखान्यानं केलं, आणि मोठ्या सेलची किंमत लावली. ग्राहकाची ही फसवणूक मला मनापासून खटकते.

लिथियम-आयनचा विषय मात्र पुठ्ठ्यानं सुटत नाही. १४५०० नावाचा सेल हुबेहूब पेन्सिल सेलएवढा असतो. नावातच माप आहे, १४ मिलिमीटर जाड, ५०.० मिलिमीटर लांब. पण रसायन वेगळं, म्हणून व्होल्ट ३.७, पूर्ण भरल्यावर ४.२. असे तीन सेल आजोबांच्या बॅटरीत घातले तर ३.८च्या बल्बवर १२.६ व्होल्ट पडतील आणि तो डोळ्यांदेखत जाईल. एकच १४५०० घालून उरलेल्या दोन जागी नुसते वाहक, म्हणजे डमी सेल ठेवले तर बल्ब पेटतो, पण भरलेल्या सेलवर त्याचं आयुष्य बरंच घटतं. शिवाय साधा बल्ब सेलला थांबवत नाही, पार रिकामा होईपर्यंत ओढतो. लिथियम सेल अडीच व्होल्टच्या खाली गेला की कायमचा बिघडतो. संरक्षक सर्किट आत असलेलाच घ्यावा.

हल्लीच्या ॲल्युमिनियमच्या झूम बॅटऱ्यांत उलटी गंमत दिसते. त्यांची नळी तीन बारीक सेलच्या, म्हणजे ट्रिपल एच्या पिंजऱ्यासाठी असते. १०.५ मिलिमीटरचे तीन गोल, तोच २.१५चा गुणक, २२.६ मिलिमीटर. त्याच नळीत १८ मिलिमीटर जाडीचा १८६५० नावाचा लिथियम-आयन सेल बसावा म्हणून सोबत प्लॅस्टिकची खोळ देतात. खोळ हरवली तर कागद गुंडाळून चालतं. ज्यांच्या १८६५०ची टोपी सपाट आहे ते वर छोटं लोहचुंबक ठेवतात; ते कृपा करून ठेवू नका. या सेलच्या टोपीभोवतीची कड ऋण असते, आणि दोन्हींमध्ये पातळ वेष्टन व एक वॉशर एवढंच अंतर. चुंबक तिरकं सरकलं की त्यातून अनेक अँपिअर वाहतात, सेल क्षणात तापतो आणि बंद नळीत वायूला वाट राहत नाही.

माझ्याकडे आता चार्जेबल पेन्सिल सेलचे दोन संच आहेत, एक बॅटरीत आणि एक चार्जरवर. रोज अर्धा-पाऊण तास धरला तर एक संच आठवडाभर पुरतो. पुठ्ठ्याची नळी पावसाळ्यात ओलावा धरते, म्हणून तिला आतून-बाहेरून चिकटपट्टी लावली आहे, आणि दसऱ्याला ती बदलतो. बॅटरी आधीपेक्षा तीनशे ग्रॅमनं हलकी झाली आहे. आईनं पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा लगेच मागचं झाकण चाचपून म्हणाली, “अरे, सेल घातलेस ना?”