४२ दिवस की वर्ष? अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय मातांच्या मृत्यूचे दोन हिशेब

‘अमेरिकेत बाळंतपणात दगावण्याचा धोका कृष्णवर्णीय बाईला गोऱ्या बाईच्या तिप्पट’ ही बातमी अधूनमधून फिरते. खाली कुणीतरी वेगळाच आकडा टाकतं आणि मग सगळंच बनावट असल्याचा निकाल लागतो. वास्तविक दोन्ही आकडे बहुधा सीडीसी या रोगनियंत्रणाचं काम पाहणाऱ्या सरकारी संस्थेचेच असतात. मोजायची मुदत तेवढी वेगळी असते.

पहिला हिशेब मातामृत्यू दराचा. गरोदरपणात किंवा ते संपल्यावर ४२ दिवसांच्या आत, त्याच्याशी संबंधित कारणाने झालेला मृत्यू यात धरतात. आपल्याकडचा बाळंतिणीचा सव्वा महिना जवळपास एवढाच. व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेची, भारतही तीच वापरतो. २०२३ मध्ये अमेरिकेत एक लाख जिवंत जन्मांमागे ५०.३ कृष्णवर्णीय माता गेल्या, गोऱ्या १४.५. महाराष्ट्राचा २०१८-२० चा आकडा ३३ आहे. आपली मोजणी नमुना पाहणीची, तिकडची मृत्यूच्या दाखल्यांची, त्यामुळे तुलना फार ताणू नये. पण जगातल्या सर्वात श्रीमंत देशातल्या कृष्णवर्णीय मातांचा हा आकडा आपल्या राज्याच्याही वर असावा, हे खटकतंच.

या दाखल्यांचंही एक त्रांगडं आहे. ‘मृत स्त्री गरोदर होती का?’ असा एक चौकोन २००३ पासून त्यावर आला आणि राज्यांनी तो आपापल्या सवडीने स्वीकारला. चुकीच्या खुणांमुळे म्हाताऱ्या बायकाही गरोदर ठरल्या. घोळ इतका वाढला की २००७ नंतर देशाचा अधिकृत दर जाहीर होणंच थांबलं, तो पुढे २०२० मध्ये सुरू झाला. त्यामुळे ‘अमेरिकेतले मातामृत्यू भयंकर वाढले’ या दाव्यावर शंका घेणाऱ्यांचं काही अंशी बरोबर आहे. मात्र चौकोन वगळून मोजलं तरी काळ्या-गोऱ्यांतली दरी उरतेच, हे ते सहसा सांगत नाहीत.

दुसऱ्या हिशेबात मुदत वर्षाची. इथे राज्याराज्यांतल्या समित्या प्रत्येक मृत्यूचे कागद समोर घेऊन बसतात: दवाखान्याच्या नोंदी, शवविच्छेदनाचा अहवाल. गरोदरपण नसतं तर ही बाई जगली असती का? तिला वाचवता आलं असतं का? २०१७ ते २०१९ मधल्या, ३६ राज्यांतल्या हजारावर मृत्यूंपैकी ८४ टक्के टाळता येण्याजोगे निघाले. आणि जवळपास ३० टक्के मृत्यू ४२व्या दिवसानंतरचे होते, म्हणजे पहिल्या हिशेबात ते येतच नाहीत. कारणंही वेगवेगळी निघाली. गोऱ्या मातांत आत्महत्या आणि नशेच्या अतिसेवनासह मानसिक आजार सर्वात वर, तर कृष्णवर्णीय मातांत हृदयविकार.

‘गरिबी असेल, शिक्षण नसेल’ हे नेहमीचं उत्तर वर्षाच्याच मुदतीने ठेवलेल्या सीडीसीच्या आणखी एका नोंदीपुढे टिकत नाही. २००७ ते २०१६ च्या नोंदींत, पदवीधर कृष्णवर्णीय मातांचा मृत्युदर पदवीधर गोऱ्या मातांच्या ५.२ पट होता. शॅलन अर्विंग यांचंच पाहा. त्या पीएचडी झालेल्या, सीडीसीतच साथरोगशास्त्रज्ञ म्हणून काम करणाऱ्या. जानेवारी २०१७ मध्ये त्यांना मुलगी झाली. त्यानंतर रक्तदाब चढलेला, पाय सुजलेला, म्हणून त्या पुन्हा पुन्हा दाखवायला गेल्या. शेवटच्या खेपेला रक्तदाबाची गोळी लिहून देऊन त्यांना घरी पाठवलं. त्याच रात्री त्या कोसळल्या आणि काही दिवसांत गेल्या. बाळ जेमतेम तीन आठवड्यांचं होतं. हा मृत्यू दोन्ही हिशेबांत बसतो. पण ‘रक्तदाबाचे विकार’ एवढंच दाखल्यावरून कळतं. किती वेळा सांगूनही कुणी मनावर घेतलं नाही, हे समजायला फाईल उघडून बसणारी समितीच लागते.

मुदतीचा हा फरक कागदापुरता नव्हता. मेडिकेड या कमी उत्पन्नवाल्यांसाठीच्या सरकारी आरोग्यविमा योजनेत गरोदरपणामुळे दाखल झालेल्या मातेचं संरक्षण प्रसूतीनंतर साधारण ६० दिवसांनी संपायचं. कृष्णवर्णीय मातांच्या निम्म्याहून जास्त प्रसूती याच योजनेतून होतात. हृदय हळूहळू निकामी होण्याचा काळ अनेकदा त्यानंतरचा, आणि तेव्हाच औषधपाण्याचा आधार सुटायचा. २०२१ च्या कायद्याने राज्यांना ही मुदत १२ महिन्यांपर्यंत वाढवायची मुभा दिली आणि बहुतेक राज्यांनी ती घेतली.